पक्ष्यांच्या पायी वाळे घालून त्यांची वाट शोधणारे सालिम अली

मारतहळ्ळी (बेंगळुरू), १२ नोव्हेंबर : मारतहळ्ळीच्या आसपास पसरलेल्या बेल्लंदूर आणि वर्तूर तलावांच्या काठी हिवाळ्यात तुतवारांसारखे पाहुणे पक्षी उतरतात. हातात दुर्बीण आणि कॅमेरा घेऊन त्यांची वाट पाहणारे हौशी निरीक्षकही तेथे जमतात. हे पक्षी येतात कोठून, या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची पद्धत भारतात रुजविणारे पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली यांची आज जयंती.

मुंबईत १८९६ मध्ये जन्मलेल्या सालिम अली यांचे मातृपितृछत्र बालपणीच हरपले. मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांचा सांभाळ केला. छर्‍याच्या बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावरील पिवळा डाग पाहून हा मुलगा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पोहोचला. सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी त्याला संस्थेतील पक्ष्यांचा संग्रह दाखविला आणि आयुष्याची दिशा ठरली.

पुढे बर्लिनमध्ये एर्विन स्ट्रेसेमान यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी अध्ययन केले. त्याच काळात उत्तर समुद्रातील हेल्गोलँड या खडकाळ, धुक्यात हरवणाऱ्या बेटावर त्यांनी पक्ष्यांच्या पायात वाळे घालण्याचे तंत्र आत्मसात केले. मारलेला पक्षी त्याची जात सांगतो. वाळे घालून सोडलेला पक्षी त्याचा प्रवासही सांगू शकतो, हे या तंत्राचे मर्म होते.

मायदेशी परतल्यावर मात्र पैशाअभावी संग्रहालयातील त्यांचे पद रद्द झाले होते. बेकारीच्या त्या दिवसांत, १९३० च्या पावसाळ्यात, अलिबागजवळील किहीमच्या किनारी राहून त्यांनी सुगरणीच्या विणीचा अभ्यास केला. नर एकामागून एक घरटी विणतो आणि एकाहून अधिक माद्यांशी जोडी जमवितो, हे त्यांनी दाखवून दिले. १९३९ मध्ये पत्नी तेहमिना यांचे निधन झाले. भटकंतीत त्यांना साथ देणारी सहचरी हरपली, तरी त्यांनी काम थांबविले नाही. तत्कालीन म्हैसूर संस्थानातील पक्ष्यांची त्यांनी पाहणी केली. १९४० मध्ये रंगनतिट्टू अभयारण्य घोषित झाले, त्यामागेही त्यांचाच आग्रह होता.

हेल्गोलँडच्या शिक्षणाचे खरे चीज झाले ते तीन दशकांनी. कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात १९५७ मध्ये क्यासनूर जंगलताप आढळला. त्याचे विषाणू स्थलांतरित पक्ष्यांच्या अंगावरील गोचिडांतून आले असावेत, अशी शंका व्यक्त झाली. त्यामुळे जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने १९५९ पासून सोसायटीने पक्ष्यांना मोठ्या प्रमाणावर वाळी घालण्यास प्रारंभ केला. तमिळनाडूतील कोडिक्करैच्या किनाऱ्यावर तुतवार, चिखल्या, टिलवा असे पक्षी बारीक जाळ्यांत पकडून, क्रमांकाचे हलके वाळे घालून मुक्त केले जाऊ लागले. भारतात वाळी घातलेले काही पक्षी पुढे तत्कालीन सोव्हिएत संघात सापडले आणि नकाशावर त्यांच्या मार्गाच्या रेषा उमटू लागल्या.

पद्मविभूषण, राज्यसभेचे सदस्यत्व असे अनेक सन्मान लाभलेले सालिम अली १९८७ मध्ये काळाच्या पडद्याआड गेले. बेल्लंदूर तलावाने अलीकडच्या वर्षांत फेस आणि आगही पाहिली आहे. मात्र पक्ष्याच्या प्रवासातील एक थांबा नष्ट झाला, तर संपूर्ण मार्गच धोक्यात येतो. वाळ्यांनी उलगडलेले हे सत्य हाच त्यांचा वारसा आहे.