शिमला ऑफिसचा वारसा : सर गिल्बर्ट वॉकर

पुण्यात शिवाजीनगरला हवामान खात्याची इमारत ‘शिमला ऑफिस’ म्हणून ओळखली जाते. १९२८ साली खात्याचे मुख्यालय शिमल्याहून पुण्यात आले, त्याची ही खूण. त्याआधी, १९०४ ते १९२४ या काळात, खात्याचे प्रमुख होते सर गिल्बर्ट वॉकर.

१८६८ मध्ये इंग्लंडात जन्मलेले वॉकर केंब्रिजचे गणिती. बूमरँगच्या गतीचे अभ्यासक. हवामानशास्त्राचा अनुभव त्यांना नव्हता. पण १८९९ मध्ये पावसाने दगा दिला, भीषण दुष्काळ पडला आणि मान्सूनचा अंदाज आधी सांगणे ही निकड झाली. वॉकर यांनी जगभरातून हवेचा दाब, तापमान व पावसाच्या नोंदी जमवल्या. खात्यातील भारतीय लिपिकांनी त्यांची अगणित आकडेमोड हाताने केली. त्यातूनच प्रशांत आणि हिंदी महासागरांवरील हवेच्या दाबाचा झोपाळा, म्हणजे ‘दक्षिणी आंदोलन’, उलगडला.

नोंदींत ठरावीक वर्षांची चक्रे असल्याचे दावे तेव्हा अनेक जण करीत. केवळ योगायोगानेही अशी चक्रे भासतात, हे वॉकर यांनी दाखवले. मग खरे काय ते कसे ओळखायचे? १९२७ मध्ये उडनी यूल यांनी सौरडागांसाठी एक वाट सुचवली: आजचा आकडा म्हणजे मागील दोन आकड्यांचा ठरावीक वाटा, अधिक एक आकस्मिक धक्का. १९३१ मध्ये वॉकर यांनी ती कितीही मागील आकड्यांसाठी विस्तारली आणि ऑस्ट्रेलियातील डार्विन बंदराच्या हवादाबावर तपासली. नोंदींची मालिका काही पावले सरकवून स्वतःशीच ताडून पाहायची आणि त्यातून प्रत्येक मागील आकड्याचा वाटा काढायचा, हे ‘यूल-वॉकर समीकरणां’चे सार.

ठरावीक अंतराने घेतलेल्या नोंदी म्हणजेच अभियंत्यांचे ‘विविक्त-काल संकेत’. जीएसएम मोबाइलमध्ये आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने घेतले जात. दर २० मिलिसेकंदांच्या १६० नमुन्यांसाठी हीच समीकरणे सोडवून आवाज थोडक्या आकड्यांत बसवण्याची पद्धत जीएसएम फोनमध्ये रुळली.

मान्सूनचा खात्रीचा अंदाज मात्र वॉकर यांना हयातीत साधला नाही. १९५८ मध्ये त्यांचे निधन झाले. दक्षिणी आंदोलनाचा एल निनोशी असलेला संबंध ११ वर्षांनी याकोब ब्यर्कनेस यांनी स्पष्ट केला. आज मान्सूनच्या अंदाजात एल निनोचा उल्लेख होतो, तेव्हा त्यामागे वॉकर यांची आकडेमोड असते.