केळुसकर गुरुजी आणि चर्नी रोडचा बगीचा

परमपूज्य बाबासाहेबांच्या जयंतीला आपल्या वस्तीत भाषणं पुष्कळ होतात. पण कृष्णराव अर्जुन केळुसकर हे नाव एका वाक्यात उरकतात. बुद्धचरित्र भेट दिलं, संपलं. विहाराची स्मरणिका निघते आहे, तेव्हा या गुरुजींची जरा नीट ओळख करून द्यावी असं आम्हाला वाटलं.

गुरुजींचा जन्म १८६० सालचा, वेंगुर्ल्याकडच्या केळुस गावचा. मुंबईत ते विल्सन हायस्कूलमध्ये शिक्षक होते. विचारांनी सत्यशोधक, लिहिण्याचा दांडगा नाद. १८९८ साली त्यांनी मराठीत गौतम बुद्धाचं चरित्र लिहिलं. पुढं शिवरायांचं मोठं चरित्र लिहिलं, त्यावरून १९२१ साली इंग्रजी ग्रंथ निघाला.

आता दुसरीकडची गोष्ट. साताऱ्यात असताना छोट्या भिवाला मुंबईच्या गिरणीत कामाला लागायचं होतं. गाडीभाड्यासाठी त्यानं आत्याची पिशवी पळवली, तर आत निघाला अर्धा आणा! मग त्यानं अभ्यासाचा निश्चय केला. आम्ही उभी हयात गिरणीत काढली, म्हणून ही गोष्ट आम्हाला फार लागते. पुढं सुभेदार रामजी मुलांना घेऊन परळच्या चाळीत आले. एकच खोली, त्यातच चूल आणि माणसं. पुस्तक पाहिजे म्हटलं की सुभेदार लेकींकडून उसने पैसे आणत, प्रसंगी त्यांचा दागिना गहाण टाकत. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये मुलाला संस्कृत शिकायचं होतं, तेही मिळालं नाही. फारशी घ्यावी लागली.

शाळा सुटली की हा मुलगा चर्नी रोडच्या बगीच्यात वाचत बसे. गुरुजीही तिथं वाचायला येत. हा कोण पोरगा रोज पुस्तक घेऊन बसतो, म्हणून त्यांनी चौकशी केली. मुलगा त्यांच्या शाळेतला नव्हता. तरी त्यांनी त्याला काय वाचावं ते सांगितलं, आपली पुस्तकं दिली. आपल्याकडं निकालाच्या दिवशी पोराला टक्के विचारतात. तुला वाचायला काय आवडतं, हे कोण विचारतो? गुरुजींनी नेमकं तेच हेरलं.

मुलगा पास झाला तेव्हा समाजानं सत्कार केला. चरित्रकार म्हणतात ही १९०७ ची मॅट्रिक. बाबासाहेबांनी स्वतः मात्र इंग्रजी चौथी लिहिली आहे. त्या सभेत गुरुजी बोलले आणि आपलं बुद्धचरित्र त्यांनी मुलाच्या हाती दिलं. ते वाचून मुलानं वडिलांनाच विचारलं, रामायण-महाभारत वाचायला लावता, मग बुद्धाचे ग्रंथ का नाहीत?

पुस्तक देऊन गुरुजी मोकळे झाले नाहीत, हे विसरू नये. इंटरनंतर सुभेदारांचा पैसा संपला, कॉलेज सुटायची पाळी आली. तेव्हा गुरुजींनीच भीमरावांना बडोद्याच्या सयाजीराव महाराजांपुढं नेलं. महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि बी.ए. पुरं झालं. १९१३ साली त्याच बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेला गेले.

गुरुजी १९३४ साली वारले. नागपूरची धम्मदीक्षा त्यांना बघायला मिळाली नाही. बाबासाहेबांनी १९५६ साली आपल्या बुद्ध आणि धम्म ग्रंथाच्या प्रस्तावनेत वडिलांचे मित्र दादा केळुसकर म्हणून त्यांची आठवण लिहिली. ती प्रस्तावना पहिल्या आवृत्तीत छापलीच गेली नाही.