तंजावरच्या नजरकैदेतील वारस

कोठडीत माणूस दगावला तर चौकशी कोणी करावी, हा प्रश्न आजचा नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस तंजावरच्या मराठी राज्यात एका अल्पवयीन मुलाचा जीव याच प्रश्नावर टांगलेला होता.

1777 मध्ये भोसले कुळात जन्मलेल्या सरफोजींना तुळजाजी राजांनी 1787 मध्ये, आपल्या मृत्यूच्या थोडेच आधी, दत्तक घेतले. मुलगा लहान म्हणून कारभार तुळजाजींचे सावत्र बंधू अमरसिंह यांच्या हाती गेला. पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास सरकारने पंडितांचे मत मागवले, दत्तकविधान अवैध ठरले आणि अमरसिंह गादीवर बसले. ज्यांच्या गादीला या मुलाचे अस्तित्व अडचणीचे होते, त्यांच्याच ताब्यात तो राहिला. त्याला वाड्यात कोंडले गेले, शिक्षणही थांबले. त्या काळात तो मरण पावला असता, तर मृत्यूचे कारण ठरवणाऱ्या अधिकाऱ्यांपासून साक्षीदारांपर्यंत सारेच अमरसिंहांच्या आज्ञेत असते.

तशी वेळ आली नाही, कारण बाहेरची एक नजर त्याच्यावर होती. तुळजाजींच्या विश्वासातील जर्मन मिशनरी श्वार्ट्झ यांनी मद्रासकडे तक्रार केली. सरफोजींच्या रक्षणासाठी पहारा आला आणि 1793 मध्ये त्यांना तुळजाजींच्या विधवा राण्यांसह मद्रासला हलवण्यात आले. तेथे त्यांचे शिक्षण झाले. दत्तकाचा प्रश्न पुन्हा तपासला गेला आणि 1798 मध्ये ते गादीवर आले.

मात्र सोडवणारी कंपनीही निःस्पृह नव्हती. 1799 च्या तहाने तिने राज्याचा कारभार आपल्याकडे घेतला. राजांकडे किल्ला व भोवतालचा थोडा परिसर उरला. पहिल्या निवाड्याचा लाभ अमरसिंहांना झाला, दुसऱ्याचा कंपनीला. तपास स्वतंत्र म्हणायचा तर तो कैद करणाऱ्यापासून जसा दूर हवा, तसाच निकालातून लाभ मिळणाऱ्यापासूनही.

1832 मध्ये निधन होईपर्यंत सरफोजींनी सरस्वती महाल ग्रंथालय समृद्ध केले, धन्वंतरी महालात वैद्यकाला आश्रय दिला आणि बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले कुळाचा मराठी इतिहास कोरवून घेतला. त्या वाड्यातच त्यांचा अंत झाला असता, तर यांतले काहीच त्यांच्या हातून घडले नसते.

प्रत्येक कैद्याला असा श्वार्ट्झ लाभत नाही. म्हणून कायदा लागतो. 2005 च्या दुरुस्तीने कोठडीतील मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्यांकडे सोपवली. आज ती तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 196 मध्ये आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला 24 तासांत कळवण्याचे बंधनही आहे. तरीही नोंदवह्या, कॅमेऱ्यांचे चित्रण आणि उपचारांची कागदपत्रे मृत्यूच्या क्षणी तुरुंगाच्याच ताब्यात असतात. न्यायदंडाधिकाऱ्यांनी ती त्याच दिवशी सील करावीत, साक्षीदार बंद्यांना संरक्षण द्यावे आणि चौकशीचा अहवाल कुटुंबाच्या हाती द्यावा. एवढे झाले, तरच त्या कलमाला अर्थ येईल.