ताम्रपटापुढचे पंडित

मलकापुरात बँकेच्या काउंटरवर होतो, तेव्हा एक आजोबा स्लिपवर मोडीत सही करीत. मला ती वाचता येत नसे. नमुना सहीशी ताडून बघायची आणि पैसे द्यायचे. अशा वेळी हटकून रामकृष्ण गोपाळ भांडारकर आठवत. आमचा आंबा घाट उतरून रत्नागिरी गाठावी, तर तिथल्याच शाळेत ते शिकले.

जन्म ६ जुलै १८३७, मालवणचा. त्याच वर्षी जेम्स प्रिन्सेप यांनी अशोकाच्या शिलालेखांची ब्राह्मी लिपी उलगडली. वडील महसूल खात्यात कारकून. १८४७ साली बिऱ्हाड रत्नागिरीला आले. पुढे मुंबईचे एल्फिन्स्टन कॉलेज, एम. ए. आणि रत्नागिरीत हेडमास्तरकी.

१८७० च्या सुमारास एका पारशी गृहस्थांनी त्यांच्यापुढे जुना ताम्रपट ठेवला. संस्कृत मुखोद्गत, पण अक्षरच ओळखेना! दुसऱ्या कुणी काहीतरी सबब सांगून तो परत केला असता. भांडारकरांनी प्रिन्सेपप्रभृतींचे लेख मिळवले आणि तिशी उलटल्यावर पुन्हा मुळाक्षरांपासून सुरुवात केली. दख्खनच्या प्राचीन इतिहासावरचा त्यांचा १८८४ चा ग्रंथ अशाच ताम्रपट-शिलालेखांवर उभा आहे.

एल्फिन्स्टनमध्ये ते संस्कृतचे हंगामी प्राध्यापक होते. १८७३ साली ती जागा मिळाली पीटर पीटरसन यांना. वयाने दहा वर्षांनी लहान, नुकतेच विलायतेहून आलेले. भांडारकर त्यांच्या हाताखाली राहिले. हा अपमान त्यांनी कसा गिळला असेल, हे नोकरी केलेल्या माणसालाच कळेल.

आणि याच काळात, १८७७ साली, त्यांनी मुंबईत विल्सन व्याख्याने दिली. प्राकृत म्हणजे अडाण्यांनी बिघडवलेले संस्कृत, ही समजूत तेव्हा रूढ होती. भांडारकरांनी दाखवले की या बदलालाही नियम आहे. ‘हस्त’चे प्राकृतात ‘हत्थ’, मराठीत ‘हात’. ‘सप्त’चे ‘सत्त’, मग ‘सात’. ‘अग्नि’चे ‘अग्गि’, मग ‘आग’. जोडाक्षर सुटते आणि आधीचा स्वर लांबतो. ‘हात’ हा शब्द कुणी बिघडवलेला नव्हे, पिढ्यान्‌पिढ्या बोलत आलेल्या तोंडांनी घडवलेला आहे.

१८८२ साली डेक्कन कॉलेजात हक्काचे प्राध्यापकपद मिळाले, १८८५ साली जर्मनीतल्या गॉटिंगेनची डॉक्टरेट. व्याख्याने मात्र पुस्तकरूपाने यायला १९१४ साल उजाडले. ६ जुलै १९१७ रोजी, त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, पुण्यात त्यांच्या नावाची संस्था निघाली. १९२५ साली ते गेले. जन्मभर जमवलेले ग्रंथ त्यांनी संस्थेलाच देऊन टाकले होते.