इंदूरची दिवाळी आणि गेडीस साहेब

जुन्या इंदूरविषयी बोलताना आपण होळकरांची आठवण काढतो, आणि ती काढायलाच हवी. पण सर पॅट्रिक गेडीस हे नाव आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. 1854 साली स्कॉटलंडमध्ये जन्मलेले हे गृहस्थ मूळचे जीवशास्त्राचे अभ्यासक. 1886 मध्ये लग्न झाल्यावर त्यांनी एडिंबरोच्या जुन्या शहरातल्या कोंदट, मोडकळीस आलेल्या वस्तीत बिऱ्हाड थाटले आणि शेजाऱ्यांना हाताशी धरून अंगणे झाडली, भिंती रंगवल्या. नगररचनेचे खरे शिक्षण त्यांना तेथेच मिळाले, असे आम्हाला वाटते.

1914 मध्ये ते हिंदुस्थानात आले. पुढे तुकोजीराव होळकर (तिसरे) यांच्या दरबाराने त्यांना इंदूरला बोलावले, तेव्हा शहर प्लेगने गांजलेले होते. नकाशा घेऊन गल्लीबोळांतून हिंडणारा साहेब दिसला की लोक धास्तावत; आता घर पाडणार, हीच भीती. आम्ही सरकारी खात्यात आहोत, मोजणीचा टेप पाहून चेहरे कसे उतरतात ते आम्ही रोज पाहतो.

साल 1917. त्याच वर्षी गेडीस यांचा थोरला मुलगा महायुद्धात मारला गेला आणि पत्नी अ‍ॅना कलकत्त्यात वारल्या. तरीही त्यांनी दिवाळीचा घाट घातला. महाराजांकडून एका दिवसापुरता शहराचा अधिकार मागून घेतला आणि जाहीर केले, की यंदा मिरवणूक नेहमीच्या वाटेने न जाता सर्वांत स्वच्छ वस्तीतून जाईल. कचरा दरबार फुकट वाहून नेईल. झाडणे आणि डागडुजी रहिवाशांची. मग काय, चुरस लागली! हजारो गाड्या कचरा निघाला. मिरवणुकीत हत्ती होते, घाणीचा राक्षस आणि प्लेगचा भलामोठा उंदीरही होता. शेवटी त्या दोघांचे दहन झाले. शुभ्र कपड्यांत, गळ्यात हार आणि हाती नवे झाडू घेतलेले सफाई कामगारही त्याच मिरवणुकीत चालले. 1917 साली ही गोष्ट साधी नव्हती.

1918 मध्ये त्यांचा इंदूरविषयीचा दोन खंडांचा अहवाल छापला गेला. रुंद रस्त्यासाठी मोहल्ले उभे कापू नका. मोजकी पडकी घरे काढून जागा मोकळी करा, माणसे आहेत तेथेच राहू द्या, असा त्यांचा आग्रह होता.

पुढे 1919 ते 1924 ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते. आपले डॉ. गो. स. घुर्ये हे त्यांचेच विद्यार्थी. गुरूनंतर विभाग त्यांनीच सांभाळला. 1932 साली फ्रान्समधील माँपेलिए येथे गेडीस वारले.