सरफोजीराजे भोसले : राज्य गेलं, पण संग्रह उरला

इंदापूर म्हटलं की मालोजीराजे आठवतात. छत्रपती शिवाजी महाराजांचे हे आजोबा इंदापूरच्या लढाईत धारातीर्थी पडले. इंदापूर आणि बारामती तालुक्यातलं सुपे हे परगणे पुढे शहाजीराजांच्या जहागिरीत होते. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजीराजे यांनी दूर दक्षिणेत तंजावरला राज्य स्थापन केलं. त्याच घराण्यातल्या दुसऱ्या सरफोजीराजांची आज ओळख करून घेऊया.

त्यांचा जन्म १७७७ सालचा. तंजावरच्या तुळजाजीराजांनी १७८७ मध्ये त्यांना दत्तक घेतलं आणि थोड्याच दिवसांत ते वारले. दत्तकविधान योग्य नाही असं ठरवून तुळजाजींचे भाऊ अमरसिंग गादीवर बसले. दहा वर्षांच्या पोराला वाली कोण? श्वार्ट्झ नावाच्या जर्मन मिशनऱ्याने त्यांचा सांभाळ केला. पुढे त्यांना मद्रासला नेऊन शिकवलं. इंग्रजी भाषा आणि पाश्चात्त्य विद्या त्यांनी तिथे मनापासून आत्मसात केली.

१७९८ मध्ये अखेर गादी मिळाली. पण दुसऱ्याच वर्षी ईस्ट इंडिया कंपनीने तह करून राज्यकारभार आपल्या हाती घेतला. राजांकडे उरला किल्ला, राजवाडा आणि ठरावीक नेमणूक. ना फौज, ना मुलूख! आता राजेपण दाखवायचं तरी कशात?

इथे थोडं युरोपात डोकावू. तिथले राजे महालाच्या भिंतींवर टॅपेस्ट्री, म्हणजे चित्रं विणलेले भलेमोठे पडदे टांगत. लोकर, रेशीम आणि सोन्या-चांदीच्या तारांचे हे पडदे फार महाग असत. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीकडे असे दोन हजारांहून जास्त पडदे होते. पाहुण्याने भिंत पाहूनच राजाची ताकद ओळखायची, असा त्यामागचा हिशोब. आज त्यातले फार थोडे शिल्लक आहेत.

सरफोजीराजांनी संग्रह केला तो विद्येचा. तंजावरच्या नायक राजांच्या काळापासून चालत आलेलं सरस्वती महाल ग्रंथालय त्यांनी वाढवलं. १८२० च्या सुमारास ते काशीयात्रेला निघाले. यात्रेतही त्यांनी पोथ्या मिळवल्या. युरोपातून वैद्यक, शास्त्र आणि कलेची पुस्तकं मागवली. धन्वंतरी महालात औषधं तयार होत, डोळ्यांच्या रोग्यांवर उपचार होत आणि त्यांची नोंदही ठेवली जाई. राजांनी देवनागरी छापखाना काढला आणि इसापाच्या गोष्टी मराठीत छापून घेतल्या. महाराष्ट्रापासून शेकडो मैल दूर हे काम चाललं होतं, बरं का!

भिंतीचा उपयोग त्यांनीही केला. १८०३ मध्ये तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या दगडी भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास त्यांनी मराठीत कोरून घेतला. मुलूख हातचा गेला, तरी आपण कोण आहोत हे पुसलं जाऊ नये, ही त्यामागची धडपड दिसते.

७ मार्च १८३२ रोजी राजांचं निधन झालं. त्यांचे पुत्र शिवाजीराजे १८५५ मध्ये वारले. मुलगा नाही म्हणून कंपनीने ते राज्यही खालसा केलं. पण ग्रंथालय टिकलं. १९१८ पासून ते सर्वांसाठी खुलं आहे. हजारो संस्कृत, तमिळ, तेलुगू आणि मराठी हस्तलिखितं तिथे आहेत, मोडी कागदपत्रंही आहेत.

मुलांनो, तहाने राज्य घेता आलं, विद्या घेता आली नाही. आपल्या घरातही आजोबांची एखादी जुनी पोथी, वही किंवा मोडीतला कागद असेल. रद्दीत घालण्याआधी एकदा उघडून बघा. त्यात काय सापडलं, ते वर्गात नक्की सांगा!