कुलुपांचा राजा : हॅरी हुडिनी

आम्हां वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांचा संबंध ताळेबंदाशी, टाळेबंद पेटीशी नव्हे. तरीही बडोद्याला समा भागातील आमच्या घराजवळ गणेशोत्सवात पाहिलेला जादूचा एक प्रयोग मी विसरलेलो नाही. टेबलावर कुलूप लावलेली पेटी आणि ताटात सारख्याच दिसणाऱ्या सात किल्ल्या. जादूगाराने मला हवी ती किल्ली उचलायला सांगितले. मी उचललेल्या किल्लीनेच कुलूप उघडले. उरलेल्या सहांपैकी एकही लागली नाही. किल्ली मी निवडली, की माझ्याकडून ती निवडवून घेतली गेली? या प्रश्नाचा माग काढताना मी हुडिनीपर्यंत पोहोचलो.

त्याचे मूळ नाव एरिक वाइस. जन्म २४ मार्च १८७४ रोजी बुडापेस्ट येथे, एका ज्यू धर्मगुरूच्या घरी. तो चार वर्षांचा असताना कुटुंब अमेरिकेत गेले. घरात गरिबी असल्यामुळे लहानपणीच त्याला पडेल ते काम करावे लागले. रॉबेर-हुदँ या फ्रेंच जादूगाराचे आत्मचरित्र वाचून तो भारावला आणि त्याच्या नावावरून स्वतःला हुडिनी म्हणवू लागला. १८९४ मध्ये बेसशी विवाह झाला. हातपाय बांधलेला हुडिनी कुलूपबंद पेटीत. पडदा ओढला जाई. क्षणात तो बाहेर आणि बेस आत! तरीही बरीच वर्षे त्यांच्या वाट्याला उपेक्षाच आली. १८९९ मध्ये मार्टिन बेक या व्यवस्थापकाने त्याला बेड्यांतून सुटण्याच्या खेळावर भर देण्याचा सल्ला दिला, आणि त्याचे दैव उघडले.

१७ मार्च १९०४ रोजी लंडनमध्ये तो एका वृत्तपत्राने दिलेल्या आव्हानाला सामोरा गेला. बर्मिंगहॅमच्या कारागिराने पाच वर्षे खपून केलेली बेडी त्याच्या हाती चढली. हजारो प्रेक्षक तासाहून अधिक वेळ ताटकळले. अखेर तो सुटला आणि ढसाढसा रडला. त्यामागचे रहस्य काय, यावर अजून वाद आहेत. १९१२ मध्ये तर खिळे ठोकलेल्या पेटीतून त्याला न्यूयॉर्कच्या ईस्ट नदीत सोडले. एका मिनिटाच्या आत तो पाण्यावर आला.

१९१३ मध्ये त्याची आई वारली आणि हा माणूस खचला. १९२२ मध्ये शेरलॉक होम्सचे जनक कॉनन डॉईल यांच्या पत्नीने आईचा आत्मा अंगात आल्याचे सांगून पत्र लिहून दिले. पत्र इंग्रजीत होते आणि त्यावर क्रूस होता. आई ज्यू, तिला इंग्रजी जेमतेम येई! पुढे हुडिनीने मृतात्म्यांशी बोलल्याचे भासवून पैसे उकळणाऱ्यांचे पितळ उघडे पाडण्याचा ध्यास घेतला. १९२४ मध्ये बॉस्टनच्या मार्जरी नावाच्या बाईची परीक्षा घेण्यासाठी त्याने एक कुलूपबंद पेटीच बनविली. आयुष्यभर पेटीतून निसटणारा आता दुसऱ्याला पेटीत बसवीत होता.

३१ ऑक्टोबर १९२६ रोजी डेट्रॉईट येथे आंत्रपुच्छ फुटून ५२ व्या वर्षी त्याचे निधन झाले. जाण्यापूर्वी त्याने बेसशी एक सांकेतिक संदेश ठरविला होता. मेल्यानंतर बोलता आलेच, तर तोच खुणेचा. जणू एकच किल्ली, दोघांपाशी. ती सापडल्याचा दावा एकाने १९२९ मध्ये केला. बेसने आधी तो मानला, मग नाकारला. दहा वर्षे वाट पाहून १९३६ मध्ये तिने त्याच्या तसबिरीजवळचा दिवा मालवला.

मित्रहो, आमच्या गल्लीतल्या एका काकूंनी गेलेल्या मुलाचा आवाज ऐकण्यासाठी एका बुवाला हातातल्या बांगड्या काढून दिल्या. आवाज काही आला नाही. गणेशोत्सवातल्या जादूगारानेही मला फसविले. पण फसविणार असे आधी सांगून आणि माझी किल्ली मला परत देऊन. हा फरक हुडिनीला कळला होता. आपल्याला कळायला काय हरकत आहे?